२०५० साली मी मामाच्या वयाचा असेन

ऑगस्ट २०२५ मध्ये मी कर्जबाजारी झालो. म्हणजे अगदी रीतसर, बँकेच्या साक्षीने. नायगाव पूर्वेला वन बीएचके आणि पंचवीस वर्षांचं गृहकर्ज. बँकेतल्या बाईंनी परतफेडीचा तक्ता प्रिंट काढून हातात दिला, तीनशे ओळींचा. आपल्या धंद्यातल्या लोकांना एक खोड असते, लॉग फाइल आली की आधी शेवटची ओळ बघायची. शेवटची ओळ होती ऑगस्ट २०५०, शिल्लक शून्य.

तोपर्यंत २०५० हे साल मी फक्त हवामान बदलाच्या बातम्यांमध्ये पाहिलं होतं. 'सन २०५० पर्यंत किनारपट्टी...' अशी सुरू होणारी वाक्यं. ती कधी पूर्ण वाचायची नसतात. आता मात्र ते साल माझ्या नावावर आलं होतं. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा असेन. माझा मामा आज त्रेपन्नचा आहे.

मामा म्हणजे पाचूबंदरचा. ते माझं आजोळ. वसई रोड स्टेशनहून बस पकडायची, वसई गाव मागे टाकायचं, किल्ल्याची तटबंदी दिसायला लागली की खारा वारा लागतो आणि पाठोपाठ सुक्या बोंबलांचा वास. लोक किल्ला बघायला येतात, चिमाजी अप्पा, १७३९, फोटो वगैरे, आणि तिथूनच परत फिरतात. किल्ल्याच्या पलीकडे माणसं राहतात ह्याचा पत्ता बऱ्याच जणांना नसतो. पाचूबंदर, लांगेबंदर, किल्लाबंदर अशी एकाला एक लागून कोळ्यांची वस्ती आहे. एका बाजूला खाडीचं तोंड, एका बाजूला उघडा समुद्र.

मामाचं घर पुढच्या रांगेत आहे. पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी बंधाऱ्याच्या दगडांवरून उडतं आणि ओट्यापर्यंत येतं. कधी आत. मी गेली दोन वर्षं त्याला एकच लेक्चर देतोय. "मामा, विकून टाक. स्टेशनजवळ फ्लॅट घे." त्याचं उत्तरही दोन वर्षं एकच आहे. "घेतो की. बोट काय गॅलरीत लावू?"

तर भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आम्ही तिकडे होतो. मामाची धाकटी, चिंगी म्हणतात तिला, बारा वर्षांची, ओट्यावर चित्र काढत बसली होती. शाळेचा सुट्टीतला अभ्यास, विषय 'हवामान बदल'. बघतो तर पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर. डोक्यावर ओल्या फडक्याची घडी. शेजारचा एक पोरगा पांढरं अस्वल काढत होता, वितळत्या बर्फावर उभं. मला हसू आलं. अरे, पाचूबंदरच्या पोराने अस्वल काढलं, बोंबील नाही काढला! पण त्यात त्याची काय चूक? त्याला पुस्तकात जे दाखवलं ते त्याने काढलं. हवामान बदल म्हणजे कुठेतरी लांब, उत्तर ध्रुवावर होणारी गोष्ट. त्याच्या मागे वीस पावलांवर समुद्र होता.

मी म्हटलं, ते सोडा, आपण २०५० चं पाचूबंदर काढू. चिंगीने आधी बोटांवर हिशेब केला. "तेव्हा मी सदतीसची असेन. आईएवढी." मग तिला एकदम गंमत वाटायला लागली. बघता बघता गल्लीतली आठ-दहा पोरं जमली. मी वाण्याकडून कोरे कागद आणले.

पहिली फेरी साफ वाया गेली. उडत्या गाड्या, रोबो, समुद्राखाली काचेचं शहर. एकाने सगळ्या कागदावर टॉवर काढले आणि खाली लिहिलं, 'न्यू पाचूबंदर'. माझ्याच लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा होता. आमच्याकडे नवा बिझनेस अ‍ॅनालिस्ट क्लायंटला विचारतो, "तुम्हाला सॉफ्टवेअर कसं हवंय?" आणि क्लायंट म्हणतो, "छान हवंय." पाच वर्षं मार खाल्ल्यावर कळतं की असं विचारायचं नसतं. आज सकाळी ऑफिसात आल्यापासून काय काय करता ते सांगा, असं विचारायचं.

म्हणून कागदाच्या तीन आडव्या पट्ट्या करायला सांगितल्या. मधल्या पट्टीत आजचं काढायचं. आपल्या दारातून निघायचं ते पाण्याला पाय लागेपर्यंत, वाटेत जे जे लागेल ते. वरच्या पट्टीत आजीच्या लग्नाच्या वेळचं. खालची पट्टी २०५० ची, पण ती सगळ्यात शेवटी.

मधल्या पट्टीसाठी पोरं खरोखर पावलं मोजत गेली. घर, ओटा, रस्ता, बंधाऱ्याचे दगड, पाणी. संपलं. मग सगळी वरात आजीकडे. आजी सांगायला लागली. घरापुढे वलांडी होत्या (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोंबील वाळत घालायला बांबू आडवे बांधून केलेल्या उंच रांगा). वलांडीच्या पुढे जाळी पसरायची जागा. त्याच्या पुढे बोटी ओढून ठेवायची पुळण. आणि मग समुद्र. एकाने विचारलं, "किती पावलं, आजी?" तिला पावलं सांगता येईनात. म्हणाली, "चुलीवर भात ठेवून मी बोंबील उलटून यायची. परत येईपर्यंत भात व्हायचा."

पोरं गप्प. त्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं की दगडांच्या पुढे कधी जमीन होती. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं, आणि मी दर सुट्टीत तिथे पडीक असायचो. आपण जन्मलो तेव्हा जो किनारा होता तोच कायमचा, असं प्रत्येक पिढीला वाटत असावं.

इथे थोडे आकडे देतो, कारण शनिवारी रात्री मी तेच करत बसलो होतो. आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ मध्ये जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली. म्हणजे साधारण एक वीत. ह्या पहिल्या वितीला एकशे सतरा वर्षं लागली. १९९५ ते २०१४ ची सरासरी धरली तर आणखी एक वीत २०५० पर्यंत चढेल, आणि ती आपण काहीही केलं तरी जवळजवळ अटळ आहे. शतकाच्या अखेरीचं मात्र आपल्या हातात बरंच आहे. उत्सर्जन झपाट्याने कमी केलं तर पाऊण ते दीड हात, नाहीतर दोन हात किंवा जास्त.

एक वीत म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण किनारा सपाट असेल तर उभी एक वीत आडवी किती सरकेल ते विचारू नका. शिवाय ती वीत शांत पाण्यात मोजायची नसते, ती उधाणावर चढते आणि वरून लाटा वेगळ्या. आणि जमीन खाणारी गोष्ट एकटी पातळी नाहीच. नदीतून, खाडीतून येणारी वाळू किनाऱ्याला पोचली नाही तरी पुळण झिजते. वसईच्या खाडीतून रेती उपसली गेली त्याला काळ लोटला, त्या रेतीच्या इमारती झाल्या. कदाचित माझीही त्यातलीच.

त्यात वादळं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की २००१ ते २०१९ ह्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तेवढ्याच काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. मामाला हा पेपर वाचायची गरज नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'क्यार' आणि 'महा' लागोपाठ आली तेव्हा ऐन हंगामात बोट किनाऱ्याला बांधून होती. त्या वर्षी महाराष्ट्रात मासळी उतरली २ लाख १ हजार टन, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी. हा आकडा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा. मग २०२० ला 'निसर्ग', २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते'. तौक्तेच्या दिवशी मी लॉकडाऊनमुळे तिथेच होतो, लॅपटॉप घेऊन. पत्र्यांचा आवाज अजून कानात आहे. मी मॅनेजरला मेसेज केला होता, 'इंटरनेटचा प्रॉब्लेम आहे'. दुसरं काय लिहिणार?

असो. परत ओट्यावर.

तिसरी पट्टी. आता कोणी रोबो काढला नाही. एकाने भिंत काढली, किल्ल्याच्या तटाएवढी. दुसऱ्याने लगेच विचारलं, मग बोट कुठून आत येणार? पहिल्याने भिंतीला दार काढलं. तिसरा म्हणाला, दारातून पाणी येईल. मग बरीच भांडाभांडी होऊन असं ठरलं की भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. मामा इतका वेळ जाळं विणत ऐकत होता. म्हणाला, "अरे, ही तर उघाडी झाली. मिठागरात असते तशी." पोरांना वाटलं होतं त्यांनी शोध लावला. एका अर्थी लावलाच की.

भिंतीवर मोठ्यांचं फार प्रेम आहे. निवडणूक आली की धूपप्रतिबंधक बंधारा, वादळ झालं की बंधारा. मागणी चुकीची नाही, पाणी घरात येत असताना दुसरं काय मागणार? पण लाट भिंतीवर आपटते तेव्हा तिचा जोर कुठेतरी जायलाच हवा. ती पायथ्याची वाळू उकरते, आणि बंधारा जिथे संपतो तिथलं घर आधी खाते. मागे घर राहतं पण पुढची पुळण जाते, आणि कोळ्याचं अर्धं काम त्या पुळणीवर असतं. बोट ओढणं, मासळी सुकवणं, जाळं विणणं. नेदरलँड्सवाल्यांनी २०११ मध्ये हेगजवळ उलटं केलं. दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू किनाऱ्याला आणून टाकली आणि ती पसरवायचं काम लाटांवर सोडलं. ते इथे जमेल का, हे इंजिनियरांनी सांगावं (सॉफ्टवेअरवाल्यांनी नव्हे). माझा मुद्दा एवढाच की बंधाऱ्याच्या नकाशावर घर दिसतं, वलांडी दिसत नाही. त्या दिवशी दहापैकी सहा पोरांनी खालच्या पट्टीत वलांडी काढल्या होत्या. तासाभरापूर्वी आजीकडून ऐकल्या आणि लगेच त्यांना त्या परत हव्या होत्या.

चिंगीने घर खांबांवर उचललं होतं. खाली रिकामी जागा, पावसाळ्यात तिथे बोट झाकून ठेवायची. वर गच्चीवर बोंबील. जिना बाहेरून. तिने खर्च कोण करणार हेही लिहिलं होतं: 'दादा'. म्हणजे मी.

आणि मग तिचा मोठा भाऊ बोलला. एकोणीस वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून भिंतीला टेकला होता. "चित्रं मस्त आहेत. पण ह्यांत माणसं कुठायत? दादा तू गेलास. मी पण जाणार. २०५० मध्ये इथे राहणार कोण?"

कुणी काही बोललं नाही. मामा एवढंच म्हणाला की खलाशी तर आत्ताच बाहेरगावचे आहेत. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पोरांना भविष्याबद्दल विचारणं ही आपल्याला गोड गोष्ट वाटते, खडू, रंग, बक्षीस, फोटो. पण खरंच विचारलं तर असं काहीतरी ऐकावं लागतं, आणि ते ऐकायची आपली तयारी नसते. मी बावचळलो. आणि बावचळलो की मी सल्ला देतो. म्हटलं, बरोबर बोलतोयस, म्हणूनच सांगतोय घर विका आणि आत या, सुरक्षित जागी.

तो हसला. "तुझी बिल्डिंग कशावर आहे? आजूबाजूला मिठागरंच ना?"

जुलै २०१८ आठवला. वसई-विरारला लोकल बंद पडली, रुळ पाण्यात, नालासोपाऱ्याजवळ गाडीत अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, मिठागरातल्या वस्तीत लोक छपरांवर. पाणी समुद्राचं नव्हतं, पावसाचं. पण जायला जागा नव्हती, कारण जागेवर आम्ही राहायला आलोय. मिठागर म्हणजे मुळातच पाण्याची जागा. फ्लॅट बुक करताना मी पार्किंग कुठल्या लेव्हलला आहे ते विचारलं होतं. पाणी कुठल्या लेव्हलला येतं ते विचारलं नव्हतं. बँकेनेही नव्हतं विचारलं, आणि पंचवीस वर्षं धोका तीही घेतेय. मामाला दोन वर्षं मी ज्याच्यापासून पळायला सांगत होतो, त्याच गोष्टीवर मी तीनशे हप्त्यांची सही केली होती. फरक एवढाच की त्याच्या दारातून पाणी दिसतं.

रात्री झोप लागेना म्हणून शोधत बसलो, की आमच्या ह्या पंचवीस वर्षांचा विचार कोणी केलाय का. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, चांगला आहे, पण तो महापालिकेच्या हद्दीपुरता, म्हणजे दहिसरला संपतो. समुद्र संपत नाही. वसई-विरारचा विकास आराखडा २००१ ते २०२१ चा होता आणि मंजूर व्हायला २००७ उजाडलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाले ज्यासाठी भांडले ते हेच, की इथल्या माणसांना न विचारता इथला नकाशा काढू नका. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. उलट ज्यांना आमचं भविष्य स्वच्छ दिसतं असेही लोक आहेत. आमच्याच पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जागा तयार करायची आहे. मच्छीमारांचा विरोध आहे, आणि नोकरी मिळेल म्हणून वाट बघणारी पोरंही आहेत. माझा मामेभाऊ दुसऱ्या गटात. मी त्याला दोष देत नाही. बंदरवाल्यांनी निदान त्याला २०५० चं एक चित्र दाखवलं. आम्ही काय दाखवलं? तुटलेला बंधारा आणि 'शिक आणि बाहेर पड'.

एक गोष्ट मात्र त्याला मुद्दाम पाठवली. २०१९ मध्ये वानुआतूला, पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या विद्यापीठात, कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गात बसून एक कल्पना काढली: हवामान बदलाबाबत देशांची जबाबदारी काय, हे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतू सरकारने ती उचलली. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, त्याने उद्या कुणाचा ओटा उंच होणार नाही. पण सुरुवात मामेभावाच्या वयाच्या पोरांनी केली होती.

त्याचा रिप्लाय आला: 'भारी. पण ते लॉवाले होते. मी मेकॅनिकल :)'

मी लिहिलं, उघाडीला मेकॅनिकलवालाच लागतो. त्यावर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

रविवारी निघायच्या आधी मामाने पोरांना भरतीचा हिशेब शिकवला. मी तो आधी ऐकलाच नव्हता, ह्याची लाज वाटली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण नेटवर्क लागत नाही. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे जाते, म्हणून पाऊणपट. एका ओळीचा कोड, आणि कित्येक पिढ्यांनी टेस्ट केलेला.

त्यावरून ठरलं की त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाला बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठपर्यंत येतं तिथे रेघ मारायची आणि तारीख लिहायची. दर पौर्णिमेला. आयडिया चिंगीची. मी म्हटलं, मी एक्सेल शीट करतो. ती म्हणाली, रेघच बरी, सगळ्यांना दिसते.

मामाला मी परत 'विकून टाक' म्हटलं नाही. घर खांबांवर उचलायला काय खर्च येईल ते तो एका गवंड्याला विचारून ठेवणार आहे. मामेभाऊ म्हणाला, विचारायला काय जातंय, लोड मी काढून देतो.

५ नोव्हेंबरला, पौर्णिमेला, मी ऑफिसात होतो. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. साडेअकराला मीटिंग चालू असताना व्हॉट्सॲपवर फोटो आला. काळ्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ, थोडी तिरकी, खाली तारीख. रेघेखाली फेस. पाठोपाठ मेसेज:

'दादा २०५० ची रेघ कुठे मारू?'

मी कॅमेरा बंद करून टाइप केलं, ह्याच्या एक वीत वर मार.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं:

'कोणाची वीत? माझी का पप्पांची?'